जुनी डिझेल पिकअप स्लोवर थरथरते, रेस आपोआप वर-खाली होते: पंप उतरवण्याआधी काय पाहावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २००९ची चार सिलिंडरची डिझेल पिकअप, एमएच-४० पासिंग, रोज पहाटे काटोलकडून कळमन्याला भाजी, हंगामात संत्री. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो आणि चालू झाल्यावर मिनिट-दोन मिनिटं पांढरा धूर निघतो. स्लोवर (इंजिन चालू, रेसवरून पाय काढलेला) उभी असली की केबिन थरथरते, सिग्नलला थांबलं की रेस आपोआप चढते-उतरते. तुमच्याच शब्दांत, ‘गाडी झोके घेऊन राहिली’. रस्त्यावर मात्र लोड घेऊन नीट ओढते. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) मागच्या दिवाळीला करून झाले. आता एक मिस्त्री म्हणतो पंप (नोझलला दाबाने डिझेल देणारा मोठा पंप) उतरवा, दुसरा म्हणतो इंजिनच बसलं, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात की व्हॅक्युम लीक शोधा, सेन्सर साफ करा.

अमरावती रोडवर वाडीला पंप-नोझलच्याच कामात माझे केस पांढरे झाले. तरी माझ्याच पोटावर पाय देणारं उत्तर देतो: पंप अजून उतरवू नका, भाऊ. तुम्ही सांगितलेल्या गोष्टींपैकी सकाळचा लांब सेल्फ आणि रस्त्यावरची नीट ओढ या दोन डिझेलच्या लाइनमधल्या हवेकडे बोट दाखवतात. त्या हवेचा निकाल लागल्याशिवाय बाकी काहीही उघडणं म्हणजे पैसे घालून अंधारात चाचपडणं आहे.

व्हिडिओचं आधी मिटवून टाकू. बाहेरच्या देशातल्या जुन्या पिकअप बहुतेक पेट्रोलवरच्या. तिथे थ्रॉटल असतो, त्याच्या पुढे इंजिन हवा ओढतं, तिथली नळी फाटली की मिश्रण बिघडतं आणि स्लो नाचतो. तुमच्या डिझेलला ना थ्रॉटल, ना स्पार्क प्लग, ना साफ करायला तो सेन्सर. ब्रेक बूस्टरची व्हॅक्युम नळी फाटली तर ब्रेक जड होईल, स्लोवर काही फरक पडणार नाही. अपवाद एकच, न्युमॅटिक गव्हर्नरवाल्या फार जुन्या गाड्यांचा. गव्हर्नर म्हणजे डिझेल कमी-जास्त करून रेस सांभाळणारा पंपाचा भाग, आणि न्युमॅटिक म्हणजे तो हवेच्या ओढीवर चालतो. मॅटाडोर आणि सुरुवातीच्या ट्रॅक्स ज्यांनी चालवल्या त्यांना तो आठवत असेल. त्यात हवेच्या वाटेवर एक व्हेंच्युरी (अरुंद गळा), तिथून पंपाच्या मागच्या डब्याला नळी आणि डब्यात चामड्याचा पडदा. तो पडदा वाळला किंवा नळी चिरली की रेस हमखास झोके घेते, आणि नळी पूर्ण निसटली तर पंप फुल डिझेल देतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तसा डबा दिसत नाही. चार पाइप एका रांगेत निघतायत, मागे लोखंडी घराचा मेकॅनिकल गव्हर्नर आहे. तेव्हा तो विषय सोडा.

आता तुमची तक्रार एक नसून दोन आहेत, त्या वेगळ्या करा. थरथर वेगळी, झोका वेगळा. कशा ओळखायच्या ते सांगतो. स्लोवर इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे मारतं. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४००, सेकंदाला सहा-सात वेळा. एक सिलिंडर मिस करत असेल तर धक्के त्या वेगाने येतात, बोटांवर मोजताच येत नाहीत. ते सलग कंपन म्हणून लागतात आणि सायलेन्सरला फट-फट-फट असा एकसारखा तुटका आवाज येतो. झोका मात्र निवांत असतो. रेस चढली, उतरली, परत चढली, यात एक ते तीन सेकंद जातात. मोजता येणारा ताल म्हणजे सगळ्या सिलिंडरांचं डिझेल एकत्र कमी-जास्त होतंय, कारण पुरवठ्यात किंवा गव्हर्नरमध्ये. मोजता न येणारा ताल म्हणजे एकाच सिलिंडरचं दुखणं, कारण नोझल, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कंप्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) यांपैकी काहीतरी. सायलेन्सरच्या मागे दोन मिनिटं उभे राहा, हे कानाला आपोआप कळतं.

तिसरी शक्यताही तिथेच कळेल. मागे आवाज अगदी एकसारखा आणि केबिनमध्ये मात्र दाढा वाजतायत, तर इंजिनला दोष देऊ नका, फाउंडेशनचे रबर (ज्यांवर इंजिन बसतं ते) बसलेत. बॉनेट उघडून कोणाला तरी हलकी रेस द्यायला सांगा आणि इंजिन किती आडवं झुकतं ते बघा. फाउंडेशन सैल असेल तर आणखी एक भानगड होते. इंजिन हललं की रेसची केबल किंवा दांडी ओढली जाते, त्याने रेस बदलते, रेस बदलली की इंजिन पुन्हा हलतं. पहिल्या गिअरमध्ये हळू जाताना गाडी घोड्यासारखी उड्या मारते ती बऱ्याचदा यामुळेच. पंपावरचा रेसचा लिव्हर पाय काढल्यावर स्लोच्या स्क्रूला नीट टेकतो का, हेही त्याच वेळी बघून घ्या. पिना झिजून लिव्हर अर्ध्यात लटकणं जुन्या गाडीत नवं नाही.

आता हवेकडे येऊ. रस्त्यावर ठीक आणि स्लोवर खराब, हे कोडं समजलं तर अर्धं काम झालं. तीन लिटरच्या आसपासचं इंजिन स्लोवर तासाला पाऊण लिटरच्या आत-बाहेर डिझेल खातं. त्या तासात चार नोझल मिळून ९६,००० वेळा फवारा मारतात. भागाकार करा, एका फवाऱ्याला सात-आठ घन मिलिमीटर येतात. डोळ्यात घालायच्या औषधाचा एक थेंब साधारण पन्नास घन मिलिमीटरचा असतो. म्हणजे स्लोवरचा फवारा हा थेंबाचा सहावा-सातवा भाग. चढावर फुल लोडला तोच फवारा अख्ख्या थेंबाएवढा होतो. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंपातल्या प्लंजरच्या (डिझेल दाबणाऱ्या दांड्याच्या) वाटेत मोहरीपेक्षा लहान बुडबुडा आला तरी त्या स्ट्रोकमधला दाब बुडबुडा चेपण्यातच जातो. लोडवर एवढी घट कळतसुद्धा नाही, स्लोवर मात्र फवारा अर्धाच होतो किंवा पडतच नाही.

मग झोका का? फवारे हुकले की फेरे पडतात. गव्हर्नरची वजनं आत मिटतात, रॅक (डिझेलचं माप बदलणारी पंपातली दांडी) पुढे सरकतो, डिझेल वाढतं. तेवढ्यात बुडबुडा निघून गेलेला असतो, म्हणून वाढीव डिझेलने रेस चढते. वजनं उघडतात, रॅक मागे येतो आणि फेरे गरजेपेक्षा खाली जातात. नवशिक्या सायकलवाला हँडल आधी इकडे जास्त आणि मग तिकडे जास्त फिरवतो, तसं चालतं हे. गव्हर्नर बिचारा त्याचं काम करतोय, त्याच्यापर्यंत पोहोचणारा मालच एकसारखा नाही. म्हणून गव्हर्नर बदलून हा झोका जात नाही.

पहिली परीक्षा फुकटची आहे, उद्या पहाटेच करा. सेल्फ मारण्याआधी फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हँड प्रायमर मोकळा करा आणि हाताने पंपिंग करा. दोन-चार दाबांत कडक लागला तर रात्रभर लाइन भरलेलीच होती. पंधरा-वीस दाब पोकळ गेले आणि मग कडक झाला, तर रात्री डिझेल मागे टाकीत उतरलं आणि त्याच्या जागी कुठून तरी हवा शिरली. पंपिंग करून मग सेल्फ मारा. एका दमात लागली आणि पांढरा धूरही कमी आला, तर दोष लाइनचाच. पटकन लागली पण धूर तेवढाच, डोळे चुरचुरतायत, तर लाइनसोबत आणखी काहीतरी आहे. त्याचं पुढे सांगतो.

लाइनचे दोन भाग धरा. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा ओढीचा, आणि फीड पंपापासून फिल्टरमधून मोठ्या पंपापर्यंतचा दाबाचा. दाबाच्या भागात जोड ढिला असेल तर डिझेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिखल दिसतो. ओढीच्या भागात इंजिन चालू असताना बाहेर काहीच येत नाही, हवा आत जाते. लोक ओलं शोधत बसतात आणि खरा गुन्हेगार कोरडा ठणठणीत असतो.

तो शोधायला पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळून डिझेल भरा. फीड पंपाकडे येणारी टाकीची नळी काढून तिथे नवी नळी लावा आणि तिचं दुसरं टोक कॅनमध्ये सोडा. कॅन सायलेन्सर-मॅनिफोल्डपासून लांब, जमिनीवर ठेवा. उंचावर ठेवू नका, नाहीतर डिझेल आपल्या वजनाने येतं आणि फीड पंपाच्या तोंडाशी गळती असेल तर ती झाकली जाते. प्रायमरने हवा काढा, गाडी चालू करा, पाच-सात मिनिटं स्लोवर राहू द्या. झोका बंद झाला तर दोष टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये आहे. झोका तसाच राहिला तर पुढे चला. या एका परीक्षेने अर्धी गाडी तपासायची वाचते, आणि तरी कोणी ती करत नाही याचं मला नवल वाटतं.

टाकीकडचा दोष निघाला तर सगळ्यात आधी रबरी नळ्या पाहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. बॉनेटखाली, सायलेन्सरच्या बाजूने जाणाऱ्या नळीचं काय होत असेल ते सांगायला नको. बाहेरून ती काळी, गुळगुळीत, चांगली दिसते. क्लिप सैल करून तोंडाशी वाकवून बघा. क्लिपचा काठ जिथे रुतला होता तिथे केसाएवढ्या रेघा उघडतात, नळी सरळ केली की पुन्हा मिटतात. आत टॉर्च मारा. कधी कधी आतला पापुद्रा सुटून जिभेसारखा लोंबत असतो. ओढ कमी असताना तो बाजूला पडून राहतो, ओढ वाढली की वाट बंद करतो. अशी नळी धुऊन, क्लिप आवळून चालत नाही. डिझेलचीच नळी घ्या, पाण्याची नको. पाण्याची नळी डिझेलने फुगते आणि सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा तिथेच.

नळ्यांनंतर बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर. तांबं एकदा चेपलं की कडक होतं, काढून तेच परत लावलं तर बसत नाही. प्रत्येक वेळी नवे टाका, किंमत चहाएवढी. मग फीड पंपाचा गाळणीचा कप आणि त्याचं रबर. मग प्रायमरच्या दांड्याचं आतलं रबर. प्रायमरच्या मुठीशी डिझेलचा ओलावा किंवा बारीक फेस दिसला तर प्रायमरच बदला.

टाकीतली ओढनळी शेवटी. ती गंजून वरच्या भागात बारीक भोक पडलं असेल, तर टाकी भरलेली असताना काही होत नाही, डिझेल भोकाच्या खाली गेलं की त्रास सुरू. म्हणून काटा किती खाली आला की झोके वाढतात, हे आठवडाभर लिहून ठेवा. अर्धी टाकी झाली की दर वेळी सुरू होत असेल तर टाकी उघडायला हरकत नाही. आणखी एक: टाकीचं झाकण उघडताना फुस्स करून हवा आत गेली तर झाकणाचं श्वासाचं छिद्र बुजलंय. काटोल रोडची धूळ आणि भाजीचा चिखल, बुजणारच. त्याने तासाभराच्या चालीनंतर इंजिन उपाशी पडायला लागतं.

पावसाळ्यात पाणी वेगळंच. गावाकडे ड्रममध्ये साठवलेलं डिझेल भरत असाल तर फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू उघडून पहिलं अर्धा ग्लास काचेच्या बाटलीत धरा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर बसला तर पाणी. पंपाच्या आतलं प्लंजर डिझेलच्याच तेलकटपणावर चालतं, पाणी त्याचा जीव घेतं. डिझेल फिल्टर बदलताना दोन असतील तर दोन्ही बदला, आणि डब्याच्या रबराची रिंग जुनी ठेवू नका.

दाबाच्या भागातली एक वस्तू बहुतेक जण विसरतात, ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. मोठ्या पंपावरून टाकीकडे परतीचं डिझेल जिथून निघतं, तिथे बोल्टसारखा दिसणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. तो पंपाच्या गॅलरीत (आतल्या डिझेलच्या वाटेत) साधारण एक ते दीड बार दाब धरून ठेवतो. स्प्रिंग मेली किंवा कोणी तिथे साधा पोकळ बोल्ट लावला, तर गॅलरीत दाबच राहत नाही, डिझेल आलं तसं परत जातं. लाइन अगदी बिनहवेची असली तरी स्लोवर झोका येतो. परीक्षा अशी: परतीची नळी काही क्षण चिमट्याने हलकी दाबा. झोका थांबला तर व्हॉल्व्ह बदला.

हवा अजून आहे की नाही हे डोळ्यांनी पाहायचं तर फिल्टर आणि मोठ्या पंपाच्या मध्ये फूटभर पारदर्शक नळी जोडा. जोडल्यावर पहिले एक-दोन मिनिटं बुडबुडे दिसणारच, घाबरू नका. पाच मिनिटांनंतरही सुईच्या टोकाएवढे बुडबुडे रांगेने चालले असतील तर काम बाकी आहे. तपासणी झाली की ती नळी काढा. बॉनेटच्या उष्णतेत तिचा भरवसा नाही.

एवढं झाल्यावर झोका बहुतेक जातो. उरली थरथर. त्यासाठी सिलिंडर एकेक कापून पाहायचा. गाडी स्लोवर ठेवा, नोझलवर येणाऱ्या पहिल्या पाइपचा नट १७ किंवा १९ च्या पान्याने अर्धा फेरा ढिला करा. डिझेल नटातून झिरपेल आणि तो सिलिंडर बंद पडेल. इंजिनचा आवाज बदलला, फेरे पडले, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तोच आळशी. नट आवळा, पुढच्यावर जा. हे करताना हातमोजा आणि चष्मा घाला, वर जाड फडकं धरा, बोट कधीही फवाऱ्यासमोर नेऊ नका. नोझल उघडायला दोनशे बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब लागतो. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडतं. तसं झालंच तर मलमपट्टी करून घरी बसू नका, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि जास्त दाबाचं डिझेल घुसलंय हे डॉक्टरांना सांगा.

समजा तीन नंबरचा आळशी निघाला. लगेच नवा नोझल घेऊ नका. तीनचा नोझल एकला आणि एकचा तीनला लावा. दोष नोझलबरोबर एकवर गेला, तर नोझल खराब. तीनवरच राहिला, तर नोझल निर्दोष, सिलिंडर किंवा पंपाचा तो एलिमेंट (त्या सिलिंडरचा प्लंजर) पाहा. तुमचे नोझल दिवाळीत झालेत म्हणून एक खास गोष्ट तपासा. नोझल काढल्यावर हेडच्या खड्ड्यात तळाशी टॉर्चने बघा. जुना तांब्याचा वायसर आतच चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसवला, असं फार होतं. दोन वायसरांमुळे नोझल वर राहतो, फवारा पिस्टनच्या वाटीत जिथे पडायचा तिथे पडत नाही, आणि नवा नोझल असून पांढरा धूर आणि थरथर. खड्ड्यातला काळा थर खरवडताना कचरा सिलिंडरमध्ये पाडू नका.

नोझल निर्दोष असेल तर टॅपेट. गॅप किती हे कंपनीच्या पुस्तकातूनच घ्या, माझ्या किंवा कोणाच्याही अंदाजावर करू नका. गॅप कमी असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कंप्रेशन निसटतं, आणि गंमत अशी की आवाज मात्र छान शांत येतो. टॅपेट वाजत नाही म्हणून खूश होणाऱ्या ड्रायव्हरला हे पटत नाही. त्यानंतरही तोच सिलिंडर आळशी राहिला तर कंप्रेशन गेज लावा. आकडा किती यापेक्षा चारही एकमेकांच्या किती जवळ आहेत हे बघा. एकच फार खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, चारही खाली असतील तर रिंगा-लायनर. गेज नसेल तर ऑइल भरायचं झाकण काढून चालू इंजिनवर उलटं ठेवा. जरा थरथरलं तर चालतं, उडून पडलं तर ‘इंजिन बसलं’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकायची वेळ आली. पण लोड घेऊन नीट ओढणाऱ्या इंजिनबद्दल हे बोलणं मला घाईचं वाटतं.

धुराबद्दल फार लांबण लावत नाही. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे न जळलेलं डिझेल. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, आधी एअर फिल्टर झटका. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, वास नसलेला, पाण्याच्या वाफेसारखा आणि सोबत रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडे जा.

डिपस्टिक मात्र आजच पाहा. ऑइलची पातळी खाली जाण्याऐवजी वर येत असेल आणि बोटावर घेतल्यावर डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंप किंवा प्लंजरमधून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. अशी गाडी चालवू नका. ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात, आणि वाढलेलं मिश्रण हवेच्या वाटेने इंजिनात ओढलं गेलं तर चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, उलट रेस चढतच जाते. तसं कधी झालंच तर वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. किंवा हवेच्या तोंडावर फळी दाबा. हात नाही, फळी.

आता पंप. लाइन बिनहवेची, ओव्हरफ्लो ठीक, चारही सिलिंडर कापल्यावर सारखे पडतात, लिव्हर स्क्रूला टेकतो, आणि तरीही झोका आहे, तर मी स्वतः म्हणेन की उतरवा. गव्हर्नरच्या पिना-बुशी झिजल्या की वजनं हलल्यावर रॅक लगेच हलत नाही, मधे ढिलाई राहते. किंवा गाडी दोन-तीन महिने उभी राहून रॅक चिकटतो, आधी अडतो आणि मग एकदम सुटतो. गरम झाल्यावर त्रास वाढत असेल तर प्लंजर झिजल्याची शंका घ्या, कारण गरम डिझेल पातळ होऊन फटीतून निसटतं. मे महिन्यात दुपारी सुरू होणारी आणि डिसेंबरात गायब होणारी तक्रार याच जातीची.

तोवर एक पथ्य पाळा, स्क्रू फिरवून झोका झाकू देऊ नका. स्लोचा स्क्रू आवळून फेरे हजारावर नेले की झोका जाणवत नाही, पण रोग तिथेच राहतो आणि डिझेल जास्त जातं. काही गव्हर्नरच्या मागच्या झाकणावर बंपर स्प्रिंगचा स्क्रू असतो, तो झोका मारण्यासाठीच दिलाय, पण थोडाच. तो जास्त आत घातला तर पाय काढल्यावर रेस खाली यायला तयार होत नाही. आणि सीलच्या तारेतला फुल डिझेलचा स्क्रू कोणी ‘पिकअप वाढवून देतो’ म्हणून फिरवू पाहत असेल तर त्याचा हात धरा. काळा धूर सुटेल, पीयूसीला अडकाल, आणि तुमच्या वयाच्या गाडीला पासिंग दरवर्षी करावं लागतं हे विसरू नका.

ज्यांच्याकडे रोटरी पंप आहे, म्हणजे चार पाइप गोलात निघतात, त्यांना वरचं बहुतेक सगळं लागू आहे. फक्त दोन गोष्टी वेगळ्या. परतीच्या बोल्टवर ‘आउट’ लिहिलेलं असतं आणि त्यात आत बारीक छिद्र असतं. काम करताना तो आणि आत येणारा बोल्ट एकमेकांच्या जागी लागले तर पंपाच्या आतला दाब बिघडतो आणि नसलेला रोग उभा राहतो. दुसरं, गरम गाडी बंद केल्यावर परत लागतच नसेल तर पंपाच्या डोक्यावर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून सेल्फ मारा. लागली तर डोकं झिजलंय. बादलीने पाणी ओतू नका, एकदम थंड होऊन पंप जाम होऊ शकतो.

पंप कुठेही द्या, पण टेस्ट बेंचवर (पंपाचं माप तपासायच्या मशीनवर) लावताना तुम्ही समोर उभे राहा. जुने लोक अजून ‘मायको पंप’ म्हणतात, ती कंपनी २००८ पासून बॉश नावाने आहे. सांगायचा मुद्दा, पंपावरच्या पट्टीवरचा नंबर उतरवून घ्या, कारण कॅलिब्रेशनचे आकडे त्या नंबरावर ठरतात, गाडीच्या नावावर नाही. आधीचं आणि नंतरचं रीडिंग मागा, चारही एलिमेंटचं, आणि स्लोच्या फेऱ्यांवरचं वेगळं. पुष्कळ ठिकाणी फुल लोडचंच जुळवून देतात. तुमची तक्रार स्लोची आहे, तिथे चार नळ्यांतलं माप सारखं आलं नाही तर पंप करून आणूनही गाडी थरथरणार.

बसवल्यावर हवा काढायचा क्रम: प्रायमरने आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत. नंतर चारही नोझलचे नट अर्धा फेरा ढिले ठेवून सेल्फ मारा, डिझेल दिसलं की एकेक आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर दाबू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर पंपाच्या बिलात स्टार्टरचंही बिल येईल.